कासवीची दृष्टी आणि वाळूतील सूतिकागृह

मराठी संतवाङ्मयात कासवीचा एक दृष्टान्त पुन्हा पुन्हा भेटतो. पक्षीण पिल्लांना पंखाखाली घेते, गाय वासराला पान्हा सोडते. कासवीला ना पंख, ना पान्हा. ती दुरूनच आपल्या पिल्लांकडे पाहते आणि त्या केवळ दृष्टीनेच त्यांचे पोषण होते, अशी ही कल्पना. कृपेसाठी याहून सुंदर उपमा सापडणे कठीण. देवळाच्या सभामंडपात गाभाऱ्यासमोरचे दगडी कासव ओलांडून जाताना आमची आजी हाच दृष्टान्त सांगत असे.

मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहे. नवजात अर्भकाचा पहिला तास, त्याची ऊब, त्याचा आहार, त्याचा श्वास यांच्याच चिंतेत आयुष्याची तीस वर्षे गेली. ज्या मातेपाशी पिल्लांसाठी दूध नाही, ऊब नाही, तिची संतती जगते कशी, हा प्रश्न मला म्हणूनच केवळ काव्यातला वाटला नाही. गेल्या काही वर्षांत पौष ते चैत्र या काळात, दवाखान्यातून सवड मिळेल तेव्हा, बेळगावहून चोर्ला घाट उतरून मी किनाऱ्याने फिरलो. काणकोण तालुक्यातील गालजीबाग, पेडणे तालुक्यातील मोरजी, वेंगुर्ल्याजवळील वायंगणी, पुढे गुहागर आणि रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाचे वेळास, अशी ती वाट. या प्रवासात जे पाहिले आणि त्यानिमित्ताने जे वाचले, त्यातील आपणा वैद्यकबांधवांना उपयुक्त वाटेल तेवढे येथे मांडतो आहे.

माता

जगात सागरी कासवांच्या सात जाती आहेत. त्यांपैकी पाच भारतीय समुद्रात आढळतात. गोवा आणि कोकणच्या पुळणींवर अंडी घालण्यास येते ती मुख्यत्वे ऑलिव्ह रिडले ही जात. कवचाची लांबी सुमारे ६० ते ७० सेंटिमीटर, वजन साधारण ३५ ते ४५ किलो. भगवद्गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्थितप्रज्ञाला अवयव आवरून घेणाऱ्या कासवाची उपमा दिली आहे. परंतु ती जमिनीवरील वा गोड्या पाण्यातील कासवांनाच लागू पडते. सागरी कासवाला डोके आणि पाय कवचात ओढून घेता येत नाहीत. वल्ह्यासारख्या पायांनी त्याला समुद्र दिला, आणि त्या बदल्यात किनाऱ्यावरची सुरक्षितता काढून घेतली.

गालजीबागच्या पुळणीवर वनखात्याच्या रक्षकांसोबत, त्यांच्याच सूचनांप्रमाणे अंतर राखून, मी ही प्रसूती पाहिली. मादी लाटेतून वर आली, थांबली, पुन्हा पुढे सरकली. भरतीच्या रेषेच्या पलीकडे कोरडी वाळू लागल्यावर तिने पुढच्या पायांनी वरची वाळू दूर केली आणि मागच्या पायांनी खोदण्यास आरंभ केला. मागे वळून न पाहता, एकदा उजवा आणि एकदा डावा पाय आत घालून, ओंजळभर वाळू अलगद बाहेर ठेवण्याचे ते काम एखाद्या निष्णात शल्यविशारदाच्या हातासारखे चालले होते. साधारण दीड फूट खोल, तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद असा चंबूसारखा खड्डा तयार झाला. मग दोन-दोन, तीन-तीन करून टेबल टेनिसच्या चेंडूएवढी, पांढरी, चिवट कवचाची अंडी त्यात पडू लागली. एका वेळी साधारण शंभर ते सव्वाशे अंडी असतात. अंडी घालून झाल्यावर तिने खड्डा बुजवला आणि स्वतःचे शरीर डावी-उजवीकडे आपटून वाळू घट्ट चोपली. तासाभराच्या आत ती समुद्रात परतली होती.

तिच्या डोळ्यांतून त्या वेळी पाणी वाहत होते. सोबतच्या एकाने हळहळून म्हटले, "बाळंतवेणा कोणाला चुकल्यात, डॉक्टर?" त्या अश्रूंचे कारण मात्र वेगळे आहे. समुद्राच्या पाण्यातील जादा क्षार बाहेर टाकणे सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मूत्रपिंडाला साधत नाही. ते काम कासवात डोळ्यामागील अश्रुग्रंथी करते. क्नुट श्मिट-नील्सन आणि रॅग्नर फँगे यांनी १९५८ मध्ये सागरी सरीसृपांतील या क्षारग्रंथींचे कार्य दाखवून दिले. आपण ज्याला रडणे समजतो ते क्षारांचे उत्सर्जन आहे.

मादी गेली ती गेलीच. ती परत येऊन घरटे पाहत नाही. पिल्लांची आणि तिची गाठ पडत नाही. तिने दिलेल्या गोष्टी दोनच: अंड्यातला बलक आणि जागेची निवड.

थांबलेला गर्भ

आपल्या शास्त्राच्या दृष्टीने या अंड्यांतील सर्वांत विलक्षण बाब म्हणजे गर्भाचे थांबणे. फलन मादीच्या शरीरात होते आणि गर्भाची वाढ आरंभीच्या अवस्थेपर्यंत, म्हणजे गॅस्ट्रुलापर्यंत, जाऊन तेथेच थांबते. अंडवाहिनीतील स्रावात प्राणवायू अत्यल्प असतो; त्या अभावामुळे ही वाढ रोखली जाते. अंडे वाळूत पडले, हवेशी संपर्क आला, की काही तासांतच वाढ पुन्हा सुरू होते. प्राणवायूचा अभाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर मेंदूची हानी येते. येथे तोच अभाव गर्भाला योग्य वेळेपर्यंत सुरक्षित थोपवून धरतो.

वाढ सुरू झाल्यावर मात्र अंडे अतिशय हळवे होते. पक्ष्याच्या अंड्यातील बलक आत फिरू शकतो. कोंबडी अंडी उलटसुलट करीत असते ती त्यामुळेच. कासवाच्या अंड्यात गर्भ वरच्या बाजूच्या पटलाला चिकटतो. त्यानंतर अंडे फिरवले वा हिसकले तर नाजूक पटले फाटून गर्भ दगावतो. म्हणून अंडी हलवावयाचीच असतील तर पहिल्या काही तासांत, वरची बाजू वरच ठेवून, धक्का न देता हलवावी लागतात. नवजात शिशूच्या पहिल्या तासाला आपण 'सुवर्णतास' म्हणतो. कासवाच्या अंड्यांचाही असाच एक सुवर्णकाळ आहे. किनाऱ्यावर पहाटेच्या आधी बॅटरी घेऊन मैलोन्मैल चालणारे कासवमित्र त्याच घड्याळाशी शर्यत करीत असतात.

वाळू ठरवते ते लिंग

मनुष्यात गर्भाचे लिंग फलनाच्या क्षणी गुणसूत्रांनी ठरते. सागरी कासवांत लिंगगुणसूत्रे नाहीत. तेथे लिंग ठरते ते वाळूच्या तापमानावर. सरीसृपांतील या घटनेची पहिली नोंद मादलेन शार्निए यांनी १९६६ मध्ये एका सरड्याच्या जातीत केली. पुढे अनेक कासवांत आणि सर्व मगरवर्गीय प्राण्यांत तेच आढळले.

अंडी उबण्यास साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. त्यांतील मधल्या तृतीयांश काळातील तापमान निर्णायक ठरते. सुमारे २९ ते ३१ अंश सेल्सियसच्या दरम्यान एक सीमा असते, जेथे नर आणि मादी जवळजवळ समप्रमाणात होतात. त्याहून थंड वाळूत नर अधिक, उष्ण वाळूत माद्या अधिक. यामागील रसायन आपल्या परिचयाचे आहे. उष्णतेत जननग्रंथीतील अ‍ॅरोमाटेज या विकराची क्रिया वाढते, पुरुषसंप्रेरकांचे रूपांतर इस्ट्रोजेनमध्ये होते आणि ग्रंथी अंडकोशाच्या दिशेने घडत जाते. स्तनाच्या कर्करोगात आपण ज्या विकराला रोखणारी औषधे देतो, तोच हा विकर.

ही माहिती केवळ मनोरंजक राहिलेली नाही. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरिअर रीफच्या उत्तर भागातील हिरव्या कासवांचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. उष्ण पुळणींवर जन्मलेल्या लहान वयाच्या कासवांत माद्यांचे प्रमाण ९९ टक्क्यांहून अधिक निघाले. एक नर अनेक माद्यांना पुरतो, त्यामुळे थोडी विषमता प्रजातीला सोसते. परंतु नर उरलेच नाहीत तर अंडी घातली जातील आणि त्यांत काहीच नसेल. उष्णता आणखी वाढून दीर्घकाळ ३३-३४ अंशांच्या पुढे राहिली, तर लिंगाचा प्रश्नही उरत नाही, कारण गर्भच दगावू लागतो.

वेळासची टोपली

वेळास हे मंडणगड तालुक्यातले, सावित्री नदीच्या मुखाजवळचे गाव. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे मूळ गाव म्हणून त्याचे नाव इतिहासात आहे. कोकणात कासवाची अंडी उकरून खाण्याची व विकण्याची रीत जुनी होती. जी अंडी माणसाच्या हातून सुटत ती कुत्रे आणि कोल्हे संपवीत. २००२ मध्ये चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने येथे अंड्यांचे रक्षण सुरू केले. पुढे त्यातून गावाचा कासव महोत्सव उभा राहिला, पाहुण्यांची व्यवस्था घराघरांतून होऊ लागली आणि वनविभाग व कांदळवन प्रतिष्ठान यांच्या साहाय्याने हे काम जिल्ह्या-जिल्ह्यांत पसरले.

आम्ही ज्या घरी उतरलो होतो तेथील काकूंनी पहाटे दारावर थाप दिली. "डॉक्टर, उठा हो, टोपली उघडायची वेळ झाली." जाळीच्या कुंपणात घरट्यांवर वेताच्या टोपल्या पालथ्या घातलेल्या होत्या. एक टोपली उचलली, आणि खाली तीस-चाळीस काळसर पिल्ले, प्रत्येक दोन बोटांएवढे, एकमेकांवर चढत होती.

ती वर कशी आली हे त्यांच्या दर्शनाहून विस्मयकारक आहे. पिल्लू नाकाच्या टोकावरील दातासारख्या काट्याने अंडे फोडते. परंतु लगेच बाहेर पडत नाही. अंड्यात दुमडलेले शरीर सरळ व्हावे लागते आणि उरलेला बलक पोटात ओढून घ्यावा लागतो. ही शिदोरी म्हणजे मातेने दिलेली एकमेव ठेव; तीवरच पुढील काही दिवस काढावयाचे असतात. मग सर्व पिल्ले मिळून वर सरकू लागतात. वरची पिल्ले छताची वाळू खरवडतात, ती खाली पडते, खालची पिल्ले ती तुडवतात, आणि सारा समूह उद्वाहकासारखा वर येतो. एकटे पिल्लू बहुधा गुदमरून थकते. समूहाला मात्र दोन-चार दिवसांत पृष्ठभाग गाठता येतो. तेथे वाळू तापलेली असेल तर हालचाल थंडावते आणि रात्री गारवा आला की पुन्हा सुरू होते. म्हणूनच निसर्गतः पिल्ले प्रायः रात्री किंवा पहाटे बाहेर पडतात.

बाहेर आल्यावर ती उजळ, मोकळ्या क्षितिजाकडे धावतात. अंधाऱ्या रात्री समुद्रावरचे आकाश जमिनीपेक्षा उजळ असते, यावर हा सारा हिशेब अवलंबून आहे. किनाऱ्यावर दिव्यांची रांग असेल तर हिशेब उलटा होतो आणि पिल्ले रस्त्याकडे चालू लागतात. पाण्यात शिरल्यावर ती लाटांच्या विरुद्ध दिशा धरतात, आणि पुढे पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यांना वाट दाखवते.

त्या सकाळी गर्दीतील एका लहान मुलीने विचारले, "ते बिचारे दमलंय, मी उचलून पाण्यात सोडू का?" कासवमित्राने नम्रपणे नकार दिला. करुणेने भरलेल्या हाताला नकार देणे हे आपल्याही व्यवसायातील अवघड काम आहे. परंतु त्या नकाराला आधार होता. वाळूवरील चाल हा त्यांच्या जीवनक्रमाचा भाग आहे. जन्मकिनाऱ्याची चुंबकीय खूण पिल्ले लहानपणीच मनावर कोरून घेतात आणि वयात आल्यावर तिच्याच आधारे त्या परिसरात परततात, या मताला २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातील अभ्यासाने बळ दिले आहे. त्यांच्या जगण्याचे प्रमाण हजारात एक असे सांगितले जाते. तो एक कोण, हे आपल्याला ठाऊक नसते.

उपचार आणि हस्तक्षेप

एका किनाऱ्यावर, त्याचे नाव येथे महत्त्वाचे नाही, एप्रिलमध्ये गेलो असता तेथील कासवमित्र उदास बसलेला होता. हंगामाच्या अखेरीस आलेल्या एका घरट्यातून एकही पिल्लू वर आले नव्हते. मुदत उलटून गेल्यावर उकरले, तेव्हा अंड्यांत पूर्ण वाढलेली पिल्ले मेलेली आढळली. "डॉक्टर, कुत्र्याला शिवू दिलं नाही, खेकड्याला शिवू दिलं नाही. तरी आतल्या आत गेली. आमचं काय चुकलं?" मृत अर्भकाच्या पित्यासमोर बसावे तसा मी त्याच्यासमोर बसलो. त्याचे काही चुकले नव्हते. उन्हाळा कडक होता आणि कुंपण उघड्यावर होते. शेवटच्या टप्प्यात शंभर गर्भांच्या स्वतःच्या चयापचयाचीही उष्णता घरट्यात साठते. त्यात वरून तापलेली वाळू. आम्ही दोघांनी मिळून उरलेल्या घरट्यांवर बांबूचा मांडव घालून नारळाच्या झावळ्या पसरल्या. त्यापुढे तेथे वाळूत तापमापकही पुरला जाऊ लागला.

या प्रसंगातून हॅचरीकडे, म्हणजे कुंपणातल्या कृत्रिम घरट्यांकडे, मी डॉक्टरच्या नजरेने पाहू लागलो. हॅचरी हा अतिदक्षता विभाग आहे. जेथे कुत्रे, चोरी किंवा भरतीचे पाणी यांमुळे घरटे निश्चित नष्ट होणार, तेथे तो जीवनदायी ठरतो. परंतु सुदृढ बालकाला कोणी अतिदक्षता विभागात ठेवत नाही. मादीने निवडलेली जागा सुरक्षित असेल, तर जागेवरच जाळी लावून रक्षण करणे उत्तम. अंडी हलविलीच, तर मूळ खड्ड्याची खोली, वाळूचा ओलावा, दोन घरट्यांतील अंतर आणि सावली यांचे भान हवे. एकाच सावलीखाली सगळी घरटी ठेवली तर आपणच नकळत एका लिंगाची पिढी घडवू.

आणखी एक बाब. किनाऱ्यावरील फलकांवर 'इतकी पिल्ले सोडली' असा आकडा असतो. तो पाहून आनंद होतो, आणि व्हावाही. परंतु रुग्णालयातून घरी पाठविलेल्या बालकांची संख्या म्हणजे त्यांच्या आयुष्याचा अहवाल नव्हे. त्या पिल्लांत नर किती आणि माद्या किती हे बाहेरून पाहून ओळखता येत नाही. घरट्यातील तापमानाची रोजची नोंदच त्याचा अंदाज देऊ शकते. माझ्या मते प्रत्येक हॅचरीत आकड्यांच्या फलकाशेजारी तापमानाची वही असली पाहिजे. आपल्या वॉर्डात प्रत्येक खाटेला तापाचा तक्ता असतो तशी.

दोन किनाऱ्यांचे एक कुटुंब

पूर्व किनाऱ्यावर, ओडिशात, हीच जात लाखोंनी येते. गहिरमाथा येथील या सामूहिक प्रसूतीकडे शास्त्रीय जगाचे लक्ष १९७४ मध्ये एच. आर. बस्टर्ड यांनी वेधले. ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी २०२५ मध्ये सुमारे सात लाख घरट्यांची नोंद झाली. त्यापुढे आपल्या किनाऱ्यावर तुरळक येणारी मादी नगण्य वाटेल. परंतु २०२१ मध्ये ओडिशात पायाला धातूची पट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. उलट, गुहागरला २०२३ मध्ये उपग्रह-प्रेषक लावलेली 'बागेश्री' श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. दोन्ही किनाऱ्यांमध्ये किमान काही येणे-जाणे आहे, असा याचा अर्थ. एका बाजूला आपत्ती आली, तर दुसऱ्या बाजूच्या थोडक्या घरट्यांचे मोल फार वाढेल.

आपले कर्तव्य

वैद्यकबांधवांनो, या विषयात आपल्याला करण्यासारखे बरेच आहे. कासवाची अंडी 'ताकदीची' असतात, तिचे तेल सांध्यांना चांगले, असे समज किनारपट्टीच्या रुग्णांकडून अजूनही कानी येतात. त्या अंड्यांत कोंबडीच्या अंड्यात नसलेला कोणताही औषधी गुण नाही, हे आपण ठामपणे सांगावे. काही सागरी कासवांच्या मांसातून जीवघेणी विषबाधा होते, तिच्यावर उतारा नाही, आणि स्तनपान करणाऱ्या मातेने ते मांस खाल्ल्यास बालकालाही बाधा झाल्याच्या नोंदी आहेत, हेही सांगावे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत सागरी कासवांचा समावेश आहे. अंडी जवळ बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे.

सहकुटुंब कासवे पाहण्यास जरूर जावे. फ्लॅश व पांढरा प्रकाश वापरू नये, वाट सोडून घरट्यांच्या रांगेत शिरू नये, पिल्लांना स्पर्श करू नये, गावातील घरीच उतरावे. आपल्या राहण्याजेवणाचे पैसे त्या घरात पोहोचले, की अंड्यांना राखणदार मिळतो.

आजीच्या दृष्टान्ताचे मग काय करावयाचे? प्राणिशास्त्राच्या कसोटीला तो उतरत नाही; कासवीने पिल्लांकडे पाहिलेले नसते. परंतु पहाटे बॅटरी झाकून पुळणीवर फिरणारे, टोपली उचलून हात मागे घेणारे आणि झावळ्यांची सावली धरणारे डोळे मी पाहिले आहेत. स्पर्श न करता, केवळ नजर ठेवून एखाद्या जिवाचे पोषण करता येते, हे त्यांनी खरे करून दाखवले आहे. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्या आपणा सर्वांना ती दृष्टी लाभावी, इतकीच इच्छा.